मदत हवी आहे: ४०० ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करावेत की नवा साचा? घाई आहे

भोसरी_वर्कशॉप: सेन्सरचा ब्रॅकेट, ४०० नग हवेत. मोल्डर (साच्यात प्लॅस्टिक भरून नग काढणारा) ५,००० च्या खाली मशीनवर घेत नाही, आमची वर्षाची गरज १,५००. मोल्डेड ४५ रुपयांना पडतो, प्रिंटवाला ४१० सांगतो. असेंब्ली उभी आहे. स्वतःचं मशीन घ्यावं का? कोणतं?

रनरगेट: मटेरियल? वजन? बसतो कुठे? साचा कुणाचा?

भोसरी_वर्कशॉप: नायलॉन. ३८ ग्रॅम. साचा आमचा, त्याच्याकडे पडून आहे. मशीन कोणतं तेवढं सांगा.

फिलामेंट_दादा: बंद चेंबरची दोन एफडीएम (प्लॅस्टिकची तार वितळवून थर रचणारी) मशीनं घ्या, कार्बन भरलेलं नायलॉन वापरा. नोझल हार्डन केलेलाच हवा, कार्बन पितळी नोझल लगेच खातो. रीळ ८० अंशांवर ८ तास वाळवा, नाहीतर पृष्ठभागावर बुडबुडे येतात. नगाला ३ तास धरले तर दिवसाला १६ नग.

रनरगेट: म्हणजे ४०० ला २५ दिवस, तेही एकही प्रिंट न फसता. शिवाय बोल्टचा कान थरांना आडवा ताण घेणार, तिथेच तुटेल.

फिलामेंट_दादा: झोपवून प्रिंट केला तर नाही तुटत.

रनरगेट: मग सेन्सरचं भोक लंबगोल. भोसरीकर, साचा तुमचा असेल तर गाडीत घाला आणि दुसऱ्या मोल्डरकडे न्या. ५,००० ची अट सेटिंग आणि पर्जिंगचा (मशीनमधला आधीचा माल काढण्याचा) खर्च वसूल करायला असते. ४०० नगांना १५.२ किलो माल लागतो, रनर (साच्यातल्या वाटेत उरणारा माल) आणि सुरुवातीचे रद्दी शॉट धरून २५ किलोची एक गोण पुरते. सेटिंगचे पैसे वेगळे द्या, घेईल.

खातेवही: चलनावर पाठवलेल्या साच्याला जीएसटी कलम १४३ ची परत आणण्याची मुदत लागू नाही. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल वगळलेत. मुदत कच्च्या मालाला १ वर्ष, भांडवली मालाला ३ वर्षं.

भोसरी_वर्कशॉप: मुदत कुणी विचारली? आणि साच्याचा कोअर (आतला भाग) पिचलाय, पार्टिंग लाइनवर (दोन अर्धे जुळतात तिथे) फ्लॅश, म्हणजे जादा पापुद्रा, येतो. म्हणून तर विचारतोय.

रनरगेट: हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. नव्या अ‍ॅल्युमिनियम साच्याचं कोटेशन?

भोसरी_वर्कशॉप: १ लाख २० हजार, ५ आठवडे.

पावडरबेड: मग गणित करा. नगामागे फरक ३६५ रुपये, म्हणजे साधारण ३३० नगांत साचा फिटतो. ४०० प्रिंट करणं साच्याहून महाग. ५ आठवडे निभावण्यापुरते १०० नग एमजेएफमध्ये (पावडर वितळवून प्रिंट) पीए-१२ नायलॉनचे घ्या, बाकी साच्यावर. मशीन घेऊच नका. पावडर, सर्व्हिस, ऑपरेटर, सगळ्याची साखळी तुमच्या गळ्यात पडते. आज एका मोल्डरवर अडलात, उद्या एका पावडर सप्लायरवर अडाल.

स्कॅनवाला: जुना नग स्कॅन करून घ्या, निळ्या प्रकाशाचा स्कॅनर उत्तम.

भोसरी_वर्कशॉप: ड्रॉइंग आहे हो!

पावडरबेड: ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स बघा. एमजेएफला ±०.३ मिमी धरा. सेन्सरचं भोक १२ असेल तर ११.७ प्रिंट करून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारा. एम४ पितळी इन्सर्टला (प्लॅस्टिकमध्ये बसवायचा आटेवाला तुकडा) भोक ५.६ च्या आसपास. बोल्टखाली धातूची बुश घाला, नाहीतर प्लॅस्टिक दबत जाऊन बोल्ट सैल होतो. तुमच्या नायलॉनमध्ये ग्लास फायबर किती आहे?

भोसरी_वर्कशॉप: ३० टक्के, नायलॉन पीए-६६.

रनरगेट: पुन्हा उशिरा! ग्लासने अ‍ॅल्युमिनियम साचा गेटपाशी (माल आत शिरतो त्या तोंडाशी) झिजतो. निदान गेट इन्सर्ट पी-२० पोलादाचा सांगा, किंमत बदलेल.

पावडरबेड: आणि ब्रॅकेट बसतो कुठे, हे अजून सांगितलेलं नाही.

भोसरी_वर्कशॉप: मोटरच्या बॉडीवर. ८५-९० अंश होते. गिऱ्हाईक गाड्यांचं आहे, फरक पडतो का?

पावडरबेड: पडतो! १.८ एमपीए भाराखाली पीए-१२ साधारण ९५ अंशांना वाकू लागतं, पीए-६६ ग्लासवालं २५० च्या आसपास. मार्जिन उरत नाही. शिवाय मटेरियल बदललं की पीपॅप (गाड्यांच्या सुट्या भागांची मंजुरी प्रक्रिया) पुन्हा, गिऱ्हाइकाची लेखी मंजुरी आधी. ती न घेता १०० नग गेले तर अख्खी लॉट परत येईल. प्रिंटवाल्याला ग्लास बीड भरलेलं पीए-१२ विचारा, पण आधी ५ नग बोल्ट घट्ट करून ९० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. नंतर बोल्टचा टॉर्क (किती घट्ट उरलाय ते) मोजा.

फिलामेंट_दादा: कार्बन नायलॉन अ‍ॅनील केलं (प्रिंटनंतर भट्टीत तापवलं) तर हा प्रश्नच येत नाही.

रनरगेट: आकसतं किती ते सांगा मग.