मृणाल गोरे यांच्या जयंतीचे भाषण: वैयक्तिक दुःखाला किती जागा द्यावी?

नदीकाठचा वाचक

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची महिला शाखा दरवर्षी एका दिवंगत सामाजिक किंवा राजकीय कार्यकर्तीची जयंती साजरी करते. यंदा 24 जून रोजी मृणाल गोरे यांच्यावर कार्यक्रम करण्याचे ठरले असून वीस मिनिटांचे मुख्य भाषण माझ्याकडे आले आहे. समितीने मला एक मसुदा दिला आहे. त्यात पहिली दोन पाने त्यांच्या अकाली वैधव्यावर आहेत, नंतर विशेषणांची रांग आहे आणि त्यांनी प्रत्यक्षात काय केले हे शेवटच्या परिच्छेदात ‘पाण्यासाठी लढा दिला’ एवढ्या तीन शब्दांत उरकले आहे. वाचताना मला अवघडल्यासारखे झाले, पण समितीतील ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे असे की श्रोत्यांना माणसाचे दुःख कळल्याशिवाय त्याचे मोठेपण कळत नाही. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडताही येत नाही. श्रोत्यांमध्ये बचत गटांच्या महिला आणि महाविद्यालयीन मुली अधिक असतील. ज्यांनी हा काळ जवळून पाहिला किंवा अभ्यासला आहे, त्यांनी या भाषणाचा तोल कसा राखावा हे सांगितल्यास आभारी राहीन.

पश्चिम उपनगर

आपली शंका रास्त आहे. मसुद्याचा क्रम बदलला तर निम्मे काम होईल, असे मला वाटते. मृणालताई सार्वजनिक जीवनात वैधव्यानंतर आल्या, असा समज अशा भाषणांतून नकळत पसरतो आणि तो चुकीचा आहे. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीच्या कामात उतरल्या. 1948 मध्ये केशव गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1953 मध्ये, म्हणजे गोरेगाव अजून मुंबईच्या हद्दीबाहेरचे गाव होते तेव्हा, त्या तिथल्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. केशवराव 1958 मध्ये गेले. त्या वेळी मृणालताई तिशीच्या होत्या आणि मुलगी लहान होती. म्हणजे दुःखाने त्यांना कार्यकर्ती बनवले नाही. कार्यकर्ती असलेल्या बाईवर दुःख कोसळले आणि तिने काम सोडले नाही. हा फरक आपल्या श्रोत्यांना, विशेषतः मुलींना, स्पष्ट सांगायला हवा.

पाण्याची गोष्टही थोडी उलगडून सांगावी. 1957 मध्ये गोरेगावसारखी गावे बृहन्मुंबईत आली, वस्ती झपाट्याने वाढली, पण नळाचे पाणी त्या वेगाने पोहोचले नाही. 1961 मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. तेव्हापासून महापालिकेच्या सभागृहात प्रश्न विचारणे आणि रस्त्यावर रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा काढणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी चालवली. सभागृहातील भाषण मोर्च्याला अर्थ देत होते आणि मोर्चा त्या भाषणाला वजन देत होता. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी त्यांना या कामामुळे दिले. आपल्या बचत गटातील महिलांना ग्रामसभा आणि हंडा मोर्चा ही दोन्ही ठिकाणे ओळखीची असतील, त्यामुळे तिथे थांबून बोलायला हरकत नाही.

ठाण्याची मावशी

वरील मताशी बरीचशी सहमत आहे, पण समितीतील भगिनींची बाजू घेऊन एक सांगते. 1958 साली तिशीतल्या विधवेने सभेत भाषण करणे, रात्री उशिरापर्यंत वस्त्यांमध्ये बैठका घेणे आणि निवडणुकीला उभे राहणे ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत सहज पचणारी गोष्ट नव्हती. आजच्या मुलींना हे सांगितले नाही तर त्यांना ते काम सोपे वाटेल. म्हणून दुःख गाळू नका, फक्त त्याचा उमाळा आणू नका. दोन पानांऐवजी पाच-सहा वाक्ये पुरतील. त्यांत केशवरावांच्या नावाने गोरेगावात उभ्या राहिलेल्या स्मारक न्यासाचा उल्लेख अवश्य करावा, कारण पतीच्या आठवणीला त्यांनी घराच्या भिंतीवरच्या तसबिरीत ठेवले नाही, लोकांच्या उपयोगाची वास्तू उभी केली.

दुसरे म्हणजे 1972 नंतरची महागाईविरोधी चळवळ. दुष्काळाचे दिवस होते, शिधावाटप दुकानांपुढे रांगा होत्या, तेल आणि रॉकेल मिळेनासे झाले होते. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत मृणालताई आणि प्रमिला दंडवते या समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट आणि तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या होत्या. या पक्षांचे पुरुष नेते एकमेकांवर तुटून पडत असत आणि बायका मात्र एका मोर्च्यात लाटणी घेऊन चालत. लाटणे आणि थाळी यांचा मोर्चा म्हणून तो फार लक्षात राहिला. कधीही सभेला न गेलेल्या गृहिणी त्यात होत्या. आपल्या कार्यक्रमात मृणालताईंना एकट्याच लढणाऱ्या म्हणून उभे करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अहिल्याताई आणि प्रमिलाताईंची नावे घेतल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

कलम आणि कायदा

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. त्यांत राहिलेला भाग मी जोडतो. आपल्याकडे आंदोलक नेत्यांच्या गौरवात विधिमंडळातील काम नेहमी मागे पडते, आणि मृणालताईंच्या बाबतीत तर ते अन्यायाचे आहे.

1972 मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. आणीबाणीत काही काळ भूमिगत राहिल्यानंतर त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. 1977 मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी पराभूत झाल्या, आणि ‘पानीवाली बाई दिल्लीमें, दिल्लीवाली बाई पानीमें’ ही घोषणा लोकांच्या तोंडी बसली. घोषणा सांगितली की सभेत हशा पिकतो आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे जातो. त्याऐवजी त्यानंतरची गोष्ट सांगावी: मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात त्यांना आरोग्य खाते देऊ करण्यात आले होते आणि त्यांनी ते स्वीकारले नाही. डॉक्टर होता होता राहिलेल्या बाईकडे आरोग्य खातेच चालून यावे, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. त्यांचा नकार योग्य होता का, यावर मतभेद होऊ शकतात. माझे मत असे की त्या मंत्री झाल्या असत्या तर काही चांगले निर्णय नक्कीच झाले असते. गौरवाच्या भाषणात एवढी असहमती बसू शकते, त्याने आदर उणा होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग 1985 नंतरचा. त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. गर्भजल परीक्षेचा वापर करून मुलींचे गर्भ पाडले जात असल्याविरुद्ध मुंबईत महिला संघटना, डॉक्टर आणि वैज्ञानिक यांनी मोहीम सुरू केली होती. तो विषय खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या, विधेयकाच्या रूपाने विधानसभेत आणण्यात मृणालताई अग्रभागी होत्या. शासनावर दबाव वाढत गेला आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तो कायदा होता म्हणून समोर बसलेल्या महाविद्यालयीन मुलींपैकी काही जणी तिथे बसलेल्या असू शकतात, हे त्यांना एकदा सरळ सांगावे. कायद्याच्या अंमलबजावणीत अनेक त्रुटी राहिल्या, हेही त्याच श्वासात सांगावे.

पश्चिम उपनगर

घरांचा विषय राहून गेला, म्हणून पुन्हा लिहितो. शहरात एकाने किती जमीन बाळगावी याची मर्यादा घालणाऱ्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेल्या जमिनीवर गरिबांना आणि कनिष्ठ मध्यमवर्गाला घरे मिळावीत, यासाठी मृणालताई, बाबुराव सामंत आणि त्यांचे सहकारी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून अनेक वर्षे शासनदरबारी आणि न्यायालयात झगडले. गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सुमारे 6,000 घरांची वसाहत त्यातून उभी राहिली. मुंबईत या संख्येचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, पण आपल्या गावात लागेल. एका कुटुंबात पाच माणसे धरली तरी तीस हजार लोकांचे एक गावच झाले. मोर्च्याची छायाचित्रे छापली जातात, पण सोसायट्यांची नोंदणी, हप्ते, नकाशे आणि परवानग्या यांचा वर्षानुवर्षे चाललेला कंटाळवाणा पाठपुरावा कोणी छापत नाही. माझ्या मते त्यांच्या कामाची खरी ओळख तिथे आहे. 17 जुलै 2012 रोजी त्यांचे निधन झाले. गोरेगावातील उड्डाणपुलाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

नदीकाठचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे समितीला वाचून दाखवली. 1953 ची ग्रामपंचायत सुरुवातीला घ्यायची, केशवरावांच्या निधनाला एक परिच्छेद द्यायचा आणि उरलेला वेळ पाणी, महागाई, 1988 चा कायदा आणि दिंडोशी या चार कामांना द्यायचा, यावर एकमत झाले. ज्येष्ठ भगिनींनी एक अट घातली आहे: लाटणे मोर्च्याबद्दल पुरुष वक्त्याने बोलू नये, तो भाग त्यांच्यापैकी एक जण बोलतील. मला ती अट मान्य आहे. विशेषणांपैकी ‘पाणीवाली बाई’ तेवढे ठेवले, बाकीची काढली. आरोग्य खाते नाकारण्याच्या मुद्द्यावर मात्र समितीत अजून वाद चालू आहे, त्यामुळे तो भाषणात न घेता शेवटी श्रोत्यांपुढे चर्चेसाठी ठेवणार आहोत.

ठाण्याची मावशी

उत्तम. चर्चेसाठी किमान पंधरा मिनिटे राखून ठेवा आणि ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांना पहिल्या रांगेत बसवून पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. पाण्याच्या टँकरविषयी त्यांच्याकडे बोलण्यासारखे पुष्कळ असेल.