‘ब्लॅकवॉटर’ला कंटाळवाणी म्हणणाऱ्यांसाठी

जंगलवाट:
काल कुणीतरी स्वीडिश लेखिका कर्स्टिन एकमान यांच्या ‘ब्लॅकवॉटर’ या रहस्यकादंबरीला एक तारा देऊन लिहिलं, “चारशे पानं झाडं, डास आणि चिखल. अठरा वर्षं पोलिसांना काही सापडत नाही. वेळ वाया.” दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून हा धागा.

१९७४ चा मिडसमर, म्हणजे जूनअखेरचा सण. उत्तर स्वीडनमधला येम्टलँड, नॉर्वेच्या सरहद्दीलगतचं गाव. आनी लहानग्या मुलीला घेऊन बसमधून उतरते, तर न्यायला येणारा प्रियकर आलेलाच नसतो. पोरीचा हात धरून ती रानातून चालू लागते. रात्र असते, पण उजेड मावळत नाही. नदीकाठी तंबू आडवा झालेला आणि आत दोन मुडदे. एकमाननी अंधाराची सोयच ठेवलेली नाही, सगळं लख्ख दिसतं आणि तरी कळत काही नाही. मला तर तिथेच धडकी भरली.

आणि झाडं फार आहेत म्हणता? त्या अठरा वर्षांत तीच झाडं डोंगरच्या डोंगर सपाट करून नेली जातात. दोन माणसांच्या खुनाचा पंचनामा झाला, रानाचा कुणी केला नाही. कादंबरी त्याबद्दल आहे.

अर्णाळकरभक्त:
एक तारा देणारा मीच, आणि मतावर ठाम आहे. बाबूराव अर्णाळकर वाचत लहानाचा मोठा झालो. पहिल्या प्रकरणात मुडदा दाखवला की लेखक वाचकाला शब्द देतो. इथे मुडदा पडतो आणि आपण विहिरीत ढकललेल्या पोराबरोबर तिथल्या वामेची विचारपूस करत बसतो! एकमानना जमत नव्हतं असंही नाही, १९५९ पासून त्यांनी चांगल्या रहस्यकथा लिहिल्यात. येत असून न देणं याला मी वाचकाची फसवणूक म्हणतो.

जंगलवाट:
१९९३ मध्ये हिला स्वीडनचा मानाचा ऑगस्ट साहित्यपुरस्कारही मिळाला आणि स्वीडिश क्राइम अकादमीचा सर्वोत्तम रहस्यकादंबरीचाही. पुढच्या वर्षी नॉर्डिक कौन्सिलचा साहित्यपुरस्कार. रहस्यकथावाल्यांनीच मान दिलाय, मग फसवणूक कुणाची झाली?

अर्णाळकरभक्त:
पुरस्कार वाचून झोप उडत नाही हो.

उमेओकरीण:
अकरा वर्षं नॉरलँडमध्ये, म्हणजे स्वीडनच्या उत्तर भागात राहतेय, म्हणून लिहिते. वाम उगाच आलेली नाही. इकडे पूर्वी घरच्या विहिरीत वाम सोडायचे, किडे खाऊन पाणी स्वच्छ ठेवते म्हणून. त्या काळोखात पोराला सोबत असते ती तिचीच. ते प्रकरण वाचताना माझा घसा कोरडा पडला होता.

पण ‘जंगलवाट’, तुमचं रानाचं रडगाणं पटलं नाही. तोडल्यावर पुन्हा लावायचं हा कायदा इथे १९०३ पासून आहे. देशाचा जवळजवळ ७० टक्के भूभाग जंगलाखाली आहे आणि उभं लाकूड शंभर वर्षांत साधारण दुप्पट झालंय. आमच्या गावातली निम्मी घरं लाकडाच्या गिरणीवर जगतात. गिरणी थांबली की शाळा बंद. पुण्यात बसून हे कळत नाही.

जंगलवाट:
दुप्पट झालं ते लाकूड. रान नव्हे! ओळीत लावलेला, एका वयाचा पाइन म्हणजे शेती. सत्तरच्या दशकापासून उत्तर अमेरिकेतला कॉन्टॉर्टा पाइन आणून लावला. मधे उगवणारा बर्च नको म्हणून तणनाशकं फवारली, विमानातूनसुद्धा. लोक विरोधात रस्त्यावर उतरले, तेव्हा १९७७ मध्ये त्यातल्या २,४,५-टी या तणनाशकावर बंदी आली. हिवाळ्यात बर्फ घट्ट झाला की रेनडिअर जुन्या झाडांवर लोंबणारं दगडफूल खातात. तीस वर्षांच्या झाडावर ते कुठून येणार? हे रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या सामी आदिवासींना विचारा, तुमच्या त्या कायद्याबद्दल ते काय सांगतात. आणि मी पुण्यात बसतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?

दोडामार्गवाला:
कादंबरी वाचलेली नाही, पण हे वाचून राहवत नाही. मी नववीत असताना आमचा सामायिक डोंगर रबरासाठी विकला. नऊ दिवस करवत चालू होती. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती, चिखलाने दार लिंपून. आत मादी आणि पिल्लं, बाहेरून नर फळं आणून भरवायचा. मी कामगारांना सांगायला गेलो, त्यांनी हसून उडवून लावलं. झाड पडलं तेव्हा ढोली बंदच होती. नर तीन दिवस येत राहिला, चोचीत फळ घेऊन. बसायला फांदी नव्हती, तरी त्याच जागेवर घिरट्या. पुढच्या उन्हाळ्यात खालचा झरा आटला, आजवर आला नाही.

उमेओकरीण:
वाईट वाटलं. पण विकला कुणी? सही कुणाची होती? एकमानच्या गावातही रान कापणारे त्याच गावचे आहेत, पोटासाठी कापतात. सगळं पाप बाहेरच्यांच्या माथी मारू नका.

दोडामार्गवाला:
सही काकांची. बहिणीचं लग्न होतं. माझ्या कॉलेजची फी त्याच पैशातून गेली. म्हणून गप्प बसायचं का, ताई? मला तो पक्षी अजून दिसतो.

सुलभाताई:
बाळांनो, आवाज खाली. एक मात्र बोलते. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ ‘पाण्याकाठच्या घटना’. किती साधं, किती थंडगार! आपण वाचतो ते जोन टेट यांचं इंग्रजी. स्वीडिश शिकून थेट मराठीत आणणारं कुणी कधी निघणार?

अर्णाळकरभक्त:
धागा कादंबरीवर होता, आता वनखात्याची बैठक झालीय. असो. वामेचा खुलासा वाचून ते प्रकरण काल पुन्हा काढलं. पोरगा सुटतो तेव्हा वामेलाही बरोबर घेऊन निघतो, हे पहिल्यांदा मी घाईत ओलांडलं होतं. दोन तारे करतो. तिसरा मागू नका, उलगडा मला अजूनही फार उशिरा येतो असंच वाटतं.

दोडामार्गवाला:
उमेओच्या ताईंना एकच विचारायचंय. त्या लावलेल्या पाइनखाली काही उगवतं का?

उमेओकरीण:
रविवारी मुद्दाम गेले होते. घरामागचा पट्टा, पंचवीसेक वर्षांचा. दाट आहे, खाली उजेड पोचत नाही. वाळक्या सुयांचा थर, फांद्या मोडलेल्या, आणि अर्धा तास थांबले तरी एक पक्षी बोलला नाही. गिरणीबद्दल लिहिलं ते मी मागे घेत नाही. पण हे तुमचं खरं आहे.