मदत हवी आहे: भावाला स्वतःहून दारू सोडायची आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले, धानपट्ट्यातले. २०१५ ते २०२१ जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हाही दादाची सुटली नाही. मोहाची मिळतच होती. आई रडली, वहिनी माहेरी जाऊन बसली, काही फरक नाही. पण परवा धानाच्या रोवणीत पऱ्ह्यांच्या (रोपांच्या) पेंढ्या त्याच्या हातातून निसटत होत्या. चहा दिला तर थरथरीनं अर्धा बशीतच. शेजारच्या बांधीतल्या बाया हसल्या. रात्री तोच म्हणाला, "मले कुठी तरी घेऊन चाल बावा."

घरीच एकदम बंद करू म्हटलं, तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं अडवलं. वर्षानुवर्षांची दारू अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो. डॉक्टरच्या देखरेखीतच सोडवा म्हणाल्या. मामांनी भाजीत गुपचूप कालवायची पुडी आणलीय, ती मी फेकणार आहे. (आत काय आहे देव जाणे.)

सरकारी दवाखान्यात किती दिवस ठेवतात? सोबत माणूस लागतो का? अर्धी रोवणी बाकी आहे म्हणून विचारतो. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर कोणी फोन केलाय का? लवकर सांगा, त्याचं मन आहे तोवर.