बाबांचं कानाचं यंत्र असलेली पिशवी रेल्वेत राहिली, मदत हवी आहे

नमस्कार. काल सकाळी कोल्हापूरहून आलेल्या रात्रीच्या गाडीने बाबांना घेऊन दादरला उतरले. गाडी थांबते जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाबांना हात देऊन उतरवण्याच्या गडबडीत बर्थखाली सरकवलेली निळी कापडी पिशवी राहिली. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, तोवर गाडी सीएसएमटीकडे निघून गेली होती.

पिशवीत पैसे-दागिने नाहीत. बाबांच्या उजव्या कानाचं यंत्र आहे (झोपताना काढून डबीत ठेवतात) आणि गेल्या वर्षीच्या अँजिओग्राफीची सीडी, रिपोर्ट. सोमवारी परळला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. यंत्राशिवाय बाबा कालपासून गप्प बसून आहेत. आईचा फोन आला की न बोलता माझ्या हातात देतात. ते बघवत नाही.

रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन केला, रेलमददवर (रेल्वेचं तक्रार अ‍ॅप) पीएनआर, डबा, बर्थ टाकून तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, पुढे काही नाही. कुणी म्हणतं आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दल) जा, कुणी म्हणतं जीआरपीकडे (लोहमार्ग पोलीस). नक्की कुठे जाऊ?

प्रतिसाद १
ताई, सामान विसरलं असेल तर आरपीएफ, चोरीला गेलं असेल तर जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस. तुम्ही आधी आरपीएफकडेच जा, तेही दादरच्या नाही, सीएसएमटीच्या ठाण्यात. गाडी तिथे रिकामी होते, मग धुवायला यार्डात जाते, म्हणून सफाईवाल्यांना काही सापडलं का तेही विचारायला सांगा. अशा वस्तू परत देण्यासाठी आरपीएफची 'ऑपरेशन अमानत' मोहीम आहे. स्टेशन मास्तरांकडे हरवलेल्या सामानाच्या कार्यालयाचीही चौकशी करा. फोनवर विसंबू नका, स्वतः जा.

तिकीट, ओळखपत्र आणि यंत्राचं बिल न्या. यंत्रावर सिरीयल नंबर असतो, बिलावर तोच असेल तर वस्तू तुमचीच हे लगेच पटतं.

रिपोर्टसाठी मात्र थांबू नका. जिथे अँजिओग्राफी झाली तिथे आजच लेखी अर्ज द्या. भरती रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा २००२ पासूनचा नियम आहे.

धागाकर्ती
खूप आभार. बिल घरच्या कपाटात आहे, भाऊ फोटो पाठवतोय. अर्ज घेऊन तोच हॉस्पिटलमध्ये जाईल. मी सीएसएमटीला निघते.