मदत हवी आहे: ‘फास्ट’ आणि ‘क्विक’मधला फरक मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला असते, संध्याकाळी कॉलनीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. घरी मराठी, बाहेर हिंदी अशी ही मुलं. एकाने निबंधात ‘क्विक ट्रेन’ लिहिलं, दुसरीने पत्रात ‘फास्ट रिप्लाय’. ट्रेन कानाला लगेच खटकली. रिप्लाय मात्र चालेलसा वाटतो, तरी तिथे ‘क्विक’च जास्त शोभतं. का, ते नेमकं सांगता येत नाहीये.

माझी समजूत अशी: फास्ट म्हणजे चालत्या गोष्टीचा वेग, क्विक म्हणजे काम थोडक्या वेळात आटोपणं. म्हणून बोलर फास्ट, आणि जाता जाता टाकलेली नजर क्विक. मग ‘फास्ट फूड’चं काय? शिवाय ‘क्विकली’ आहे, तर ‘फास्टली’ का नाही? मुलं रोज विचारतात हो, आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे.

उत्तर

ताई, समजूत बरोबर आहे. मी मुलांना सांगतो, ‘पटकन’ बसत असेल तिथे क्विक घाला, ‘जोरात’ किंवा ‘वेगाने’ बसेल तिथे फास्ट. पटकन चहा घेऊ, गाडी जोरात निघाली. ‘फास्ट फूड’ ही जोडी रूढ झालेली आहे, ती तशीच पाठ करून घ्या. ‘लर्नर’ला दोन्ही चालतात.

‘फास्ट’चं विशेषण आणि क्रियाविशेषण एकच, म्हणून ‘शी रन्स फास्ट’. ‘हार्ड’चंही तसंच: ‘वर्क हार्ड’. ‘हार्डली’ लिहिलं की अर्थ ‘जेमतेम’ होतो, हे मुलांना जरूर दाखवा, परीक्षेत इथेच मार्क जातात.

आणखी एक. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का. आपल्या एमटी क्लॉथ मार्केटमध्ये दुकानदार कापड उलगडून ‘कलर फास्ट है’ म्हणतो, तो हाच. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, तोही यातूनच. क्विकचा जुना अर्थ जिवंत. नखाखालच्या हुळहुळत्या मांसाला अजून क्विकच म्हणतात, आणि हलत्या पाऱ्याला क्विकसिल्व्हर.

ताई

दादा, खूप आभार! ‘पटकन’ची खूण उद्याच वर्गात वापरते. ‘फास्ट अस्लीप’चा अर्थ एकीने ‘लवकर झोपली’ असाच केला होता. एक राहिलं: बोलताना ‘कम क्विक’ ऐकू येतं, ते पेपरात चालेल का?

उत्तर

बोलण्यात चालतं. पेपरात ‘कम क्विकली’च लिहायला सांगा.