तळघरातली भिंत काढून गर्डर टाकायचाय, २०० चा पुरेल का?

मंडळी, नाशिकला बाबांनी ८४ साली बांधलेला बंगला आहे, लोड बेअरिंग, म्हणजे सगळा भार भिंतींवरच, कॉलम कुठेच नाही. तळघरात मधोमध ९ इंची भिंत आहे, त्यातली १२ फूट काढून एकच मोठी खोली करायचीय. दोन्ही बाजूच्या खोल्या १०-१० फुटी. वर त्याच लाईनीत किचनची भिंत आणि तिच्यावर गच्चीचा स्लॅब. फॅब्रिकेटर म्हणतो आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीचा, इंग्रजी आय आकाराचा लोखंडी गर्डर) टाकू, दोन दिवसात काम होतं. मिस्तरी तर म्हणतो स्लॅबला टेकू लावतो आणि पाडतो. करू का?

उत्तर १
थांबा हो! हिशोब करून बघा. तळघरावरचा स्लॅब, किचनची भिंत, वर गच्ची आणि तिचा कोबा, सगळं मिळून मीटरला ५ टनाच्या आसपास जातं, म्हणजे १२ फुटात १८ टन. २०० च्या गर्डरला एवढ्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) याच्या निम्मंही झेपत नाही. ३०० च्या आसपास लागेल, पण नक्की साईज इंजिनिअरनेच काढायची, फॅब्रिकेटरने नाही.

उत्तर २
गर्डरपेक्षा त्याची टोकं बघा. एकेका टोकाला ९ टन येणार, ते थेट विटांवर टेकवलं तर जुन्या विटा चुरतात. खाली आरसीसी बेड ब्लॉक (भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा) पाहिजेच, भिंत पोकळ वाजत असेल तर सरळ कॉलम आणि त्याला नवीन फुटिंग (पाया). आणि नुसत्या स्लॅबला टेकू देऊन किचनच्या भिंतीचं काय करणार, ती बसली तिथेच चिरेल.

आमच्याकडे दोन चॅनेल (इंग्रजी सी आकाराचे लोखंडी गर्डर) टाकले होते. आधी एका बाजूने भिंतीत निम्म्या जाडीची खाच, त्यात चॅनेल, वरची फट नॉन-श्रिंक ग्राऊटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) ठासून भरली, ते कडक झाल्यावरच दुसरी बाजू, मग आरपार बोल्ट आणि शेवटी खालची भिंत. वेळखाऊ आहे पण वरचं घर एक दिवसही अधांतरी राहत नाही. तळघरात ओल असेल तर लोखंडाला आत घालायच्या आधीच प्रायमर मारा, नंतर हात पोचत नाही.

प्रश्नकर्ता
बाप रे. उंची साडेसात फूटच आहे, ३०० चा खाली आला तर डोकं आपटणार.

उत्तर १
मग मधे एक कॉलम चालतोय का बघा, स्वतंत्र फुटिंगवर. गाळा निम्मा झाला की वाक आणणारा जोर पावपट होतो, बराच कमी उंचीचा गर्डर चालेल.

प्रश्नकर्ता
कॉलम चालेल. फॅब्रिकेटरला थांबवलंय, आधी इंजिनिअरला बोलावतो.