वीस वर्षांची वहिवाट: हक्क की चांगुलपणाची शिक्षा?

रानवाट
आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गावाबाहेरच्या ज्या शेतवाटेवर माझी मुलगी घोडा चालवायला शिकली, तिच्या फाटकाला नव्या मालकाने साखळी घातली आहे. आता ती वाट 'ब्राइडलवे', म्हणजे पायी आणि घोड्यावरून जाण्याची सार्वजनिक वाट, म्हणून नोंदवावी असा आम्ही अर्ज केलाय. 1980च्या हायवेज ॲक्टचं कलम 31 स्पष्ट आहे: दांडगाईने नाही, लपूनछपून नाही, परवानगीने नाही, अशी वीस वर्षं अखंड वहिवाट असली की वाट लोकांची. साक्षीच्या फॉर्मवर विचारलं होतं, कुणी कधी हटकलं का? लिहिलं, कुणीच नाही. ही वाट मिळायलाच हवी.

बांधकरी
सपशेल असहमत. माझे सासरे डेव्हनला मेंढ्या पाळतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांनी कधी अडवलं नाही, तर त्याचाच आता पुरावा होणार? आणि अशा अर्जाच्या चौकशीत फक्त हक्क आहे की नाही एवढंच बघतात. वाट स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते, मेंढ्या व्यायच्या दिवसांत घोडे आले की कळप बिथरतो, हे तिथे गैरलागू!

रानवाट
पण मालकाला उपाय आहे ना. फाटकावर पाटी लावा, किंवा कलम 31(6)खाली नकाशा आणि जाहीरनामा काउन्टी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, द्या. 2007च्या गॉडमँचेस्टर निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हेच म्हटलं, की वाट द्यायची नसेल तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळलं पाहिजे. नुसतं जमिनीच्या भाडेकरारात तसं कलम घालून भागत नाही.

सह्यकडा
गावाकडे आमचा रस्त्याचा दावा झालाय, म्हणून लिहिते. आपल्याकडे 1906च्या मामलतदार कोर्ट कायद्यात वहिवाटीचा रस्ता अडवला तर सहा महिन्यांत तहसीलदाराकडे जाता येतं. पण तिथे बैलगाडी शेतात पोचली नाही तर पेरणीच राहते. रपेटीच्या हौसेला तेवढंच वजन द्यायचं, हे मला पटत नाही.

रानवाट
ताई, हौस म्हणू नका. ही वाट गेली तर तेरा वर्षांची पोर घोडा घेऊन डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या शेजारून जाणार.

बांधकरी
मुलीची काळजी समजते. तिच्यासाठी मालकाकडे परवानगी मागा, बहुतेक जण देतील. कायमचा सार्वजनिक हक्क ही फार मोठी गोष्ट आहे. सासऱ्यांनी या रविवारी पाटी ठोकली: 'वाट मालकाच्या परवानगीने खुली'. चाळीस वर्षांत तिथे पाटी नव्हती.